घोड्यापुढं

"उतर बे खाली. घोड्यापुढं पळ."

लढाईवरून परतलो त्या दिवशी वेशीतच थोरले देशमुख मला हे म्हणाले. त्यांचा मुलगा निजामाच्या रिसाल्यात स्वार, मी त्याच्या घोड्याची निगा राखणारा मोतद्दार. पाटोद्यापासून दोघं दोन घोड्यांवर बसून आलो होतो. समोर हलगी, बायकांच्या हातात आरत्या. गावाची रीतच होती. देशमुख घोड्यावर निघाले की गावकुसाबाहेरच्या एकानं पुढं पळायचं, ओरडून वाट मोकळी करायची. माझा बाप पळता पळताच म्हातारा झाला. मी उतरलो. पळालो. धाकले मालक घोड्याच्या आयाळीकडं बघत राहिले.

मला काही वाटलं नाही. खरंच नाही.

लढाई गोऱ्यांची, समुद्रापलीकडं. वाळवंट कुणाचं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. एका दुपारी टेकडीआडून गोळ्या आल्या. धाकल्या मालकाचा घोडा पडला, ते त्याच्याखाली अडकले. रिसाला मागं फिरला. मोतद्दारानं पुढं जायचं नसतं. मी गेलो. हातांनी वाळू उपसली, पाय मोकळा केला, पाठीवर घेऊन कोरड्या ओढ्यात आणून टाकलं. त्यांचे ओठ फाटले होते. माझ्या खांद्याला पाण्याची छागळ होती.

"पाज बे. मरतो मी."

तोंड लावून प्याले. मग माझं मनगट धरलं. "गावात बोलू नको."

वेशीतून मिरवणूक देवळापाशी गेली. धाकल्या मालकांनी पारावर बसून लढाई सांगितली. मी लांब, घोडे धरून उभा.

"तहानेनं जीव चालला व्हता," ते म्हणाले. "तेवढ्यात खंडोबा आला. त्यानं पानी पाजलं."

लोकांनी भंडारा उधळला. माझ्या शेजारी आई होती. तिनंही हात जोडले. देव म्हणून माझं पाणी चाललं. माणूस म्हणून मला त्या पाराला शिवता येत नव्हतं. राग तेव्हाही आला नाही. आईचे जोडलेले हात तेवढे डोळ्यांपुढून हलेनात.

दसऱ्याला सीमोल्लंघन निघालं. देशमुख बापलेक घोड्यांवर, गाव मागं, मी पुढं.

"पळ बे!"

पाय हलले नाहीत.

"कावून थांबला बे?" थोरले ओरडले. धाकले वाकून हळू म्हणाले, "पळ रे. लोक बघतेत."

"धाकलं मालक," मी मोठ्यानं म्हणालो, "तुमाला पानी खंडोबानं न्हाई पाजलं. मी पाजलं. माज्या छागळीतलं."

हलगी थांबली. थोरल्यांनी मुलाकडं बघितलं. मुलानं आयाळीकडं.

मग मारलं. आधी चाबकानं, मग ज्याला जे सापडलं त्यानं. मी खोटारडा ठरलो. आणि मागल्या दारानं भटजी बोलावून मुलाला प्रायश्चित्तही दिलं! आमची भाकर बंद झाली. गाव सोडताना आईनं विचारलं, "कावून बोललास रं?"

"तू हात कुनाला जोडलेस, ते तुला कळाया पायजे म्हनून."

ती सगळी वाट माझ्याकडं बघत चालली.

आता बीडमध्ये दगड फोडतो. परवा देशमुखांचा माणूस आला होता. पारासमोर उभं राहून खोटं बोललो म्हण, घर परत देऊ, म्हणाला. घर बापानं बांधलेलं. आई अजून त्या घराची आठवण काढते.

मी हातोडा खाली ठेवला नाही.

"त्यायला सांग," म्हणालो, "वाट मोकळी कराया मी येनार न्हाई. आलो तर वाटंत मधी हुबा ऱ्हाईन."