काचेवरचं निळं चक्र

सुषमाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी बहुतेक सगळं सांगतो. बँकेतली भांडणं, डोकेदुखी, लग्नाआधी कोणती मुलगी आवडायची तेसुद्धा. ही एक गोष्ट मात्र सांगितलेली नाही. बाबांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट माहीत नाही.

गोष्ट आमच्या मेळघाटच्या सहलीची आहे. घरात त्या सहलीचं नाव निघालं की सगळे खुलतात. माझी मुलगी ओवी भेटेल त्याला सेमाडोहच्या नदीकाठी पाहिलेल्या रानगव्याबद्दल सांगते, दर वेळी तो थोडा मोठा होतो. सुषमा चिखलदऱ्याची थंडी सांगते. मी पाणी प्यायला उठतो.

आधी आडनावाचं सांगायला हवं. मी इंगळे. आमच्या वऱ्हाडात इंगळे म्हटल्यानं माणूस कुठल्या समाजाचा ते कळत नाही, इंगळे सगळ्यांत आहेत. म्हणून लोक विचारतात — कोणते इंगळे? बाबा यावर सरळ ‘जय भीम’ म्हणतात आणि हसतात. विषय तिथंच संपतो. मी म्हणतो, अकोल्याचे. विषय माझाही संपतो. खोटं तर बोललो नाही ना? अकोल्याचेच आहोत आम्ही. अमरावतीला नव्या लेआउटमध्ये घर घेतलं तेव्हा शेजारच्या राऊतनं हाच प्रश्न विचारला आणि मी हेच उत्तर दिलं. राऊत भला माणूस, संत्र्याचा व्यापारी, मोठ्यानं बोलणारा. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

मग मी गाडी घेतली. पांढरी. आमच्याकडच्या उन्हात दुसरा रंग घेतो कोण? गाडी आधी विहारात नेली, मेणबत्ती लावली, पेढे वाटले. आणि बाबांनी पिशवीतून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात निळ्या चक्राचं स्टिकर होतं, खाली ‘जय भीम’ लिहिलेलं. ते त्यांनी नागपूरला धम्मचक्र दिनाच्या गर्दीत पटरीवरून घेतलेलं, मी पाचवीत असताना. बाबा तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून. घरात वाहन म्हणाल तर एक सायकल. हे लावणार कुठं, असं आईनं विचारलं, तर म्हणाले, पोराच्या गाडीले. आई हसली होती. पुढं ती गेली, अकोल्याचं घर बंद करून बाबा आमच्याकडे आले, सामान अर्धं वाटून टाकलं, पण पाकीट बरोबर आणलं. गाडीच्या मागच्या काचेवर त्यांनी ते चक्र स्वतः लावलं. बुडबुडा राहू नये म्हणून अंगठ्यानं मधून कडेकडे दाबत गेले, बराच वेळ.

मला ते आवडलं होतं का? हो, आवडलं होतं. हेही सांगून टाकतो, कारण त्यानं माझी बाजू सुधरत नाही, बिघडतेच.

मे महिन्यात राऊतचं कुटुंब आणि आम्ही, दोन गाड्यांनी फिरायला जायचं ठरलं. परतवाडा, सेमाडोह, चिखलदरा, नरनाळा, आणि अकोल्यावरून परत. परतवाड्याला राऊतच्या सासऱ्यांकडे सकाळचा फराळ होता. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. अंगणात गाडी उभी राहणार. घरातली म्हातारी माणसं काच वाचणार. आणि मग — मग काय? कप वेगळे निघाले असते? बाबांनी असे वेगळे कप पाहिले आहेत. मी फक्त ऐकले आहेत. राऊत महिनाभर रोज तीच काच बघत होता आणि त्याचं आमच्याशी वागणं तसूभर बदललं नव्हतं, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. तरी मी ते केलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे कूलरसमोर झोपले होते. मी खाली गेलो. काच इतकी तापली होती की नखानं कड उचलताच स्टिकर अलगद सुटलं. मला वाटलं होतं, फाटेल, चिवटपणा करेल, निदान मला विचार बदलायला वेळ देईल. तसं काही झालं नाही. मागं राहिलेला डिंक खोबरेल तेलानं काढला. स्टिकरची घडी करून आंब्याच्या सालींखाली टाकली. संध्याकाळी गाडी कोपऱ्यावरच्या विजूकडे धुवायला नेली — म्हणजे कोणी विचारलंच तर नाव घ्यायला विजू हाताशी असावा. हे सगळं मी थंड डोक्यानं ठरवलं होतं. घाबरलेला माणूस गोंधळतो म्हणतात, मी अजिबात गोंधळलो नाही.

अंधार असतानाच निघालो. बाबा पुढच्या सीटवर, मागं फिरकले नाहीत. सामान मीच ठेवलं. वलगाव मागं पडलं तेव्हा उजाडायला लागलं होतं. परतवाड्याला राऊतच्या सासूबाईंनी बाबांना पाटावर बसवलं, पुरणाचा मांडा वाढला आणि विचारलं, कोणते इंगळे? बाबा म्हणाले, जय भीमवाले, माय. बाई ‘बरं’ म्हणाल्या आणि अजून एक मांडा त्यांच्या ताटात टाकला. चहाचे कप सगळ्यांचे सारखे होते. मी बघितलं. एकेक कप बघितला.

तिथून निघताना बाबा गप्पांसाठी राऊतच्या गाडीत बसले, ओवी त्याच्या पोरांसोबत. मी आणि सुषमा आमच्या गाडीत पुढं, राऊत मागं. जंगलात फोन लागत नाही, म्हणून सेमाडोहला भेटायचं ठरलं. अंगणाबाहेर पडताच बाजाराच्या गर्दीत मधे दोन-चार गाड्या घुसल्या, मग घाट लागला, मग आरशात राऊतची गाडी दिसेनाशी झाली. आम्ही सेमाडोहला पोचून झाडाखाली थांबलो. एक चहा झाला, दुसरा झाला. सुषमा म्हणाली, पंक्चर असेल. आणखी वेळ गेला. मग ती उठून रस्त्याकडे बघत उभी राहिली. त्या घाटातली वळणं तुम्ही पाहिली असतील तर तिच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगायला नको. बाबा आणि ओवी दोघंही त्या गाडीत होते. मी गाडी उलटी फिरवली.

ते घाटातच भेटले. गाडी रस्त्याच्या कडेला लावलेली, धड. पोरं आत. राऊत बोनेटला टेकून उभा. आणि बाबा डोक्यावर ओला रुमाल टाकून रस्त्याच्या काठावर. सागाला त्या दिवसांत पान नसतं, सावली कुठली? त्यांचं तोंड लालबुंद झालं होतं.

काय झालं ते राऊतनं सांगितलं. घाट चढताना त्यांना आमची गाडी पुढं दिसली होती. राऊत म्हणाला, हे पाहा, पुढं चालले इंगळेभाऊ. बाबांनी नीट पाहिलं आणि त्याला थांबवलं.

“ते आपली गाडी नोहे. आपल्या गाडीवर चक्र आहे.”

मग आम्ही मागंच राहिलो असणार, असं धरून त्यांनी गाडी कडेला घेतली. पांढऱ्या गाड्या एकामागून एक जात होत्या. राऊतला आमचा नंबर पाठ नव्हता, बाबांनाही नव्हता. बाबांना नंबराची गरज कधी पडली नव्हती. ते गाडीत बसायला तयार होईनात. प्रत्येक गाडी पुढं गेली की तिची मागची काच बघत होते. जवळजवळ दीड तास.

मी गाडीतून उतरलो तर बाबा माझ्याकडे आले नाहीत. सरळ गाडीच्या मागं गेले. मीही गेलो. काचेवर सगळीकडं धूळ होती, पण एका जागी जास्त दाट — गोल, चक्राएवढी. तेलावर धूळ चिकटते हे मला सुचलं नव्हतं, आणि विजूनं काचेवर नुसतं पाणी मारलं होतं. बाबांनी त्या गोलावरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. मग रुमालाला पुसलं.

त्यांनी काही विचारलंसुद्धा नव्हतं. मीच म्हणालो, विजूनं धुताना काढलं असन.

‘असन’, बाबा म्हणाले. राऊत विजूवर भडकला. म्हणाला, पाहतोच त्याले, अशी वस्तू कोणी काढते का? ज्याच्यापासून मी ती लपवत होतो तो माणूस तिच्यासाठी तापला होता. आणि मी काय केलं? मी म्हणालो, जाऊ दे, चला, पोरायले भूक लागली.

सहल पुढं ठरल्याप्रमाणे झाली. रानगवा दिसला, चिखलदऱ्याला दरीच्या काठावर फोटो काढले, नरनाळ्याच्या किल्ल्यावर ओवीच्या चपलेचा पट्टा तुटला. फोटोंत गाडी फक्त पुढूनच आहे. तशी काळजी मीच घेतली होती. अकोल्याला बाबा उन्हात एकटेच बाजारात गेले आणि नवं स्टिकर घेऊन आले. तसंच, फक्त जास्त चकाकणारं. ते त्यांनी तिथंच, रस्त्यात उभं राहून लावलं. मी पाणी आणून दिलं.

अमरावतीला परतल्यावर राऊत दोन्ही गाड्या घेऊन विजूकडेच गेला. बाबा आणि मी सोबत होतो. राऊतनं त्याला चार लोकांत झापलं. विजूनं पाइप खाली ठेवला.

“भाऊ, गाडी आली तवाच काचीवर काई नव्हतं. तुमाले इंगळेसाहेब सांगतीन.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. सांगायला मला एक शब्द लागला असता. मी म्हणालो, “तुयं लक्ष नसन.”

विजूनं पाइप पुन्हा उचलला. बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तू मनावर घेऊ नको बापू. राऊतनं मात्र आपल्या मालाच्या गाड्या त्याच्याकडे धुवायला देणं त्या दिवसापासून बंद केलं. अजून देत नाही. विजू मला कोपऱ्यावर दिसतो, नमस्कार करतो. मीही करतो.

बाबांना कळलं आहे का? मी विचारलेलं नाही. घरात खोबरेल तेलाची बाटली त्यांच्याच कपाटाजवळ असते. त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही — ना रागानं, ना दुसऱ्या कुठल्या निमित्तानं. जेवताना पूर्वीसारखंच बोलतात. एकच बदललं. गाडी ते आता बाहेर धुवायला देत नाहीत. दर रविवारी ऊन चढायच्या आत स्वतः बादली घेऊन खाली उतरतात. वय झालं आहे, गुडघे दुखतात, चाकं धुताना छोट्या स्टुलावर बसतात. मागची काच शेवटी. चक्राच्या भोवती फडकं हळूहळू फिरवतात, कडेला पाणी राहू देत नाहीत. राऊत गच्चीवरून ओरडतो, बाबा, पोराले सांगा ना. ते हात वर करतात आणि हसतात.

मागच्या रविवारी मी खाली गेलो. म्हटलं, द्या बाबा, आज मी पुसतो. त्यांनी फडकं पिळलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “राहू दे. तुह्या हातानं ते निंघून जाईन.”

मी बादलीतलं घाण पाणी नालीत ओतलं, ताजं भरून त्यांच्याजवळ ठेवलं आणि वर आलो.