हात पोचेल तिथवर

"आमची वेणी मजवांचून काफी पीत नाहीं." बाळकृष्णराव हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचेच. घरी पोचायला त्यांना नऊ वाजत, आणि तोवर वेणी, म्हणजे त्यांच्या पत्नी कृष्णवेणीमामी, दुपारची कॉफीसुद्धा न घेता थांबलेल्या असत. ऑफिसातले लोक हसून माना डोलवायचे. मला मात्र संताप यायचा. बाईनं दिवसभर ताटकळायचं आणि ह्यांनी ते कौतुकानं मिरवायचं, हा कुठला न्याय?

पण त्यांच्यावर फार वेळ रागावणं जमायचं नाही. २००४ साली मी पुण्याहून चेन्नईत नोकरीला आले, तेव्हा शेजारच्या टेबलावर मराठी ऐकून मला रडूच यायचं बाकी होतं. तंजावरकडची जुनी मराठी ती, चाल सगळी तमिळची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं, "सर म्हणूं नकोस. मामा म्हण."

आमचा गिंडी भागातला कारखाना कल्याण मंडपांसाठी, म्हणजे लग्नाच्या कार्यालयांसाठी, आणि वसतिगृहांसाठी इडल्या वाफवायची कपाटं बनवायचा. खाली बॉयलर, वर ट्रेमागून ट्रे. प्रत्येक गिऱ्हाईकाच्या इडल्यांचा आकडा निराळा, म्हणून प्रत्येक वेळी सगळं ड्रॉइंग पहिल्यापासून. मामांनी जन्म ह्यातच घालवला होता. आधी बोर्डावर पेन्सिलीनं, मग कॉम्प्युटरवर. उंच माणूस, पण मान कायमची पुढे आलेली. संध्याकाळी डोळ्यांवर पाणी मारून ते पुन्हा खुर्चीत येऊन बसायचे तेव्हा बघवत नसे.

मग मालक वेंकटरमण ह्यांनी नवं सॉफ्टवेअर आणलं. "राव सर, असं एकच मॉडेल बनवा की नुसता इडल्यांचा आकडा घातला की बाकीची मापं आपोआप बदलतील. ड्रॉइंग मग विक्रीवाली मुलंच काढतील. तुम्ही रोज पाचला घरी!"

पाचला घरी. ह्या दोन शब्दांवर मामा कित्येक महिने राबले. इडल्यांवरून ट्रे किती, ट्रेंवरून कपाटाची उंची, उंचीवरून पत्र्याची जाडी आणि पायांमधलं अंतर, असं एकेक माप दुसऱ्याला बांधत जायचं. मी मदतीला होते. एकदा मी ट्रेंची संख्या उंचीवर बांधली. उंची आधीच ट्रेंवर बांधलेली होती. दोन्ही मापं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली आणि मॉडेल लालभडक होऊन अडलं.

मामा ओरडले नाहीत. नुसते थकल्यासारखे म्हणाले, "पहिलें कोण कोणावर अडून आहे तें ठरीव गे. तें उलटं बांधलंस तर अस्की गेलं." अस्की म्हणजे सगळं.

शेवटी मॉडेल झालं. आकडा घातला की कपाट डोळ्यांदेखत वाढायचं, कमी व्हायचं. एका विक्रीवाल्यानं टी. नगरच्या एका मोठ्या मंडपाची ऑर्डर त्यात घातली, ड्रॉइंग काढलं आणि थेट कारखान्यात दिलं. मामांना विचारायचं कारणच नव्हतं. त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. मामा त्या आठवड्यात शीळ घालत जिना उतरायचे.

मंडपातून फोन आला तो भांडणाचाच. आम्ही दोघं गेलो. कपाट दिसायला झकास होतं, एकाही मापात चूक नव्हती. फक्त वरचा ट्रे स्वयंपाकीणबाईच्या डोक्याच्या वर होता. बाई पालथ्या घातलेल्या पातेल्यावर उभी राहून तापलेला ट्रे ओढत होती, आणि मनगटापासून कोपरापर्यंत तिचा हात वाफेनं लाल झाला होता. तिनं आम्हाला तमिळमध्ये जे ऐकवलं ते मला अर्धंच कळलं. तेवढं पुरे होतं.

मामा मटकन तिथल्या पोत्यावर बसले. प्रत्येक ड्रॉइंग स्वतः काढायचे तेव्हा वरच्या ट्रेपाशी आले की ते उठून उभे राहत आणि हात उंचावून बघत. सवयच होती. उंची जास्त वाटली तर एकाची दोन कपाटं करत. ती सवय मॉडेलला शिकवायची राहून गेली. इडलीपासून पत्र्यापर्यंत सगळं एकमेकांशी बांधलं, पण ट्रे ओढणारा हात कशालाच बांधला नव्हता.

वेंकटरमण फोनवर एवढंच म्हणाले, "दुरुस्त होईपर्यंत प्रत्येक ऑर्डर तुम्ही तपासायची." म्हणजे पाचचं स्वप्न गेलं. मामांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "घरीं चल. वेणीचा हात कुठवर जातो तें मापूं. तीही ह्या बाईएवढीच आहे."

तिरुवल्लिकेणीत मामांच्या गल्लीत आम्ही चारच्या सुमारास शिरलो. कामाच्या दिवशी ह्या वेळी मामा घरी आले नव्हते ते वर्षानुवर्षं. मामी दारातच घाबरल्या. "अय्यो, बरं नाहीं कां?"

"बरा आहें. आधीं काफी कर. पोरगी दमली आहे."

मामी स्वयंपाकघरात गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "डबा काढून द्या."

कॉफीचा डबा, साखर आणि फिल्टर वरच्या फळीवर होते. सकाळची कॉफी मामा करायचे आणि मुंग्या नकोत म्हणून सगळं स्वतःच्या हातानं वर ठेवून ऑफिसला जायचे. मामांनी डबा काढला नाही. त्यांनी टेप बाहेर काढली. "वेणी, हात वर कर बघूं."

मामींनी हात उचलला. तो खांद्यापाशी येऊन थांबला. दुसरा त्याच्याही खाली.

"आणिक वर."

"जात नाहीं. तीन पोंगल झाले, खांदे आखडले आहेत."

"मग दुपारची काफी?"

"तुम्हीं आल्यावर."

"मज सांगितलं कां नाहींस?"

"तुम्हीं येतां ते अर्धे मेलेले. त्यांत माझा खांदा कुठं घालूं?" मामी हसून म्हणाल्या.

मामांच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. ऑफिसभर मिरवलेलं ते वाक्य मला आठवत होतं. त्यांनाही आठवत असणार, कारण ते माझ्याकडे बघेनात. त्यांनी डबे खाली काढून शेगडीच्या बाजूला ठेवले. मुंग्यांसाठी खाली परातीत पाणी घातलं. मग मामींनी कॉफी केली, ती आम्ही तिघांनी प्यायली. चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवशी मामांनी मॉडेलमध्ये सगळ्यात वर एक नवं माप घातलं, हाताची उंची. उरलेली मापं त्याच्या ताब्यात द्यायची म्हणजे महिन्यांची बांधणी उसवायची. त्या दिवशीही त्यांना नऊ वाजले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले. मीच विचारलं, "मामींनी कॉफी घेतली का काल?"

"घेतली. दुपारीं घेतली, संध्याकाळीं घेतली. मी गेलों तंव पेला धुवून पालथा घालून निजली होती." पिशवी टेबलावर ठेवत म्हणाले, "बेश झालं."

मग स्क्रीनकडे वळले. "इतकीं वर्षं उलटंच बांधलं होतं गे. ती मजवर अडून नव्हती. मीच अडून होतों."

मी आपली माझ्या ड्रॉइंगमध्ये डोकं घालून बसले.

संध्याकाळी पाचला मामांनी कॉम्प्युटर बंद केला. मॉडेल अर्धं लालच होतं. पिशवी खांद्याला लावून ते निघाले तसे वेंकटरमण केबिनमधून बाहेर आले.

"राव सर, झालं का मॉडेल?"

"नाही. उद्या."

"मग आता कुठे निघालात?"

"कॉफी प्यायला," मामा म्हणाले, आणि जिना उतरू लागले.