जपानहून आलेलं कार्ड

बहात्तरच्या दुष्काळात नगरच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या नळाला पाणी येईना, तेव्हा प्रात्यक्षिकं बंद पडली. रसायनशास्त्राचे बाकीचे प्राध्यापक वैतागले. मी मात्र मनातून खूश होते. माझं रसायनशास्त्र कागदावरचं. रेणूतले अणू एकमेकांना किती घट्ट धरून बसतात, हे मी गणितानं काढायचे. त्याला ना पाणी लागे, ना गॅस. संख्याशास्त्र विभागातलं हातानं फिरवायचं गणकयंत्र मी टेबलावर आणून ठेवलं आणि कित्येक महिने त्याचा दांडा फिरवत राहिले. खांदा दुखायचा, पण आकडे जुळू लागले की जेवायचंही भान राहत नसे.

त्यातून एका रेणूवर झालेला शोधनिबंध परदेशातल्या एका नियतकालिकानं छापला. नंतर बरेच दिवस सगळं सामसूम. मग एकदा शिपाईमामा वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, फारेनचं कार्ड आलंय. तिकीट लई झ्याक हाय!"

कार्ड जपानच्या एका प्रयोगशाळेचं होतं. निबंधाची प्रत पाठवा, अशी छापील विनंती आणि खाली हातानं लिहिलेली एकच ओळ: 'हाच रेणू आम्ही सध्या प्रत्यक्ष मोजत आहोत.'

आनंदानं मी तास अर्धवट सोडला. दुसऱ्या दिवशी मात्र शंका आली. माझा आकडा चुकला असेल तर? सगळं गणित पहिल्यापासून पुन्हा केलं. चूक सापडली नाही, तरी धीर वाटेना.

काही महिन्यांनी पुण्याहून माझ्या मार्गदर्शक सरांचं पत्र आलं. 'जपानचा निबंध असलेला अंक आला आहे. येऊन स्वतःच बघ. मी काही सांगणार नाही.'

पहाटेची एसटी पकडली. ग्रंथालयात अंक हातात घेतला आणि आधी त्या निबंधाचं शेवटचं पान उघडलं. संदर्भांच्या यादीत माझं नाव होतं! मग पानं उलटत मागे आले. त्यांनी मोजलेला आकडा माझ्या आकड्याला जवळजवळ चिकटून होता. मी एवढ्या मोठ्यानं हसले, की ग्रंथपाल उठून उभे राहिले. माझ्यामागे येऊन उभे राहिलेले सर म्हणाले, "हसू द्या हो तिला आज!"

नगरची गाडी सोडून मी दौंडमार्गे थेट काष्टीला, घरी गेले. आबा गोठ्यात वैरण टाकत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"म्हंजी त्यांनी मोजलं, आन तुजं खरं निघालं?"

"व्हय आबा."

"आन तू ते डोळ्यानं बघितलंच नव्हतं?"

"डोळ्यानं कुनालाच दिसत न्हाई, आबा."

आबा हातातली वैरण तशीच घेऊन ओसरीवरच्या आईकडं धावले. "अगं ए, आईक! पोरीनं न बघता सांगितलं, आन जपानवाल्यांनी मोजलं तर तेवढंच भरलं!"

पुढं अनेकांनी त्या निबंधाचा आधार घेतला. एका जर्मन संशोधकानं मात्र मोठ्या रेणूंसाठी माझी रीत चालत नाही, हे दाखवून दिलं. त्याचं बरोबर होतं. तो निबंध वाचतानाही मी तितकीच उत्तेजित झाले होते, कारण रीत कुठं अडते हे आता कळलं होतं. माझं पुढचं कितीतरी वर्षांचं काम त्या अडचणीतूनच निघालं.