गोरक्ष फौजीला सलामी

द्राक्षात साखर उतरू लागली की गोरक्ष रोज तांबडं फुटायच्या आत बागेत शिरायचा आणि खांद्यावरचा हिरवट टॉवेल फिरवत या ओळीतून त्या ओळीत चालत राहायचा. पाखरं टॉवेलाला फारशी जुमानत नसत. बाकी सगळ्या शिवारात लोक पाखरं उडवायला सुतळी बॉम्ब लावत, नाहीतर कार्बाइडची नळी उडवत. लोखंडी नळीत कार्बाइड टाकायचं, वर पाणी, मग काडी, की तीन बांधांपलीकडे छाती हलायची. लांबच्या आवाजांना गोरक्ष दातावर दात दाबून उभा राही. जवळचा आवाज त्याला सोसत नसे.

"फौजी हाय आन् फटाक्याला भितो!" म्हणत शेजारचे पोटभर हसत.

नव्वद साली तो शांतिसेनेबरोबर श्रीलंकेतून परतला तेव्हा निफाड स्टेशनवर त्याला घ्यायला बायको सिंधुबाई एकटीच होती. त्याच्या पुढे चालणारे दोघे सुरुंगावर गेले, एवढंच त्याने तिला सांगितलं, तेही एकदाच. गावाची चौकशी वेगळीच होती. "लंकेतून सोनं किती आणलंस रे?" एवढा विनोद पुरवून पुरवून वापरून झाल्यावर गाव त्याला विसरलं. मग नव्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिल टीव्हीवर दिसू लागलं आणि गावाला साक्षात्कार झाला की आपल्याकडेही एक फौजी आहे. कुठल्या लढाईतला, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात गोरक्ष संध्याकाळी दूध घालायला स्वतः डेअरीवर जाऊ लागला होता. घटकाभर बसायचा, दोन शब्द बोलायचा. दहा वर्षांत एवढंच जमलं होतं. सिंधुबाई त्याबद्दल कुणाशी बोलत नसे. जणू तोंडातून काढलं तर मोडेल.

सोसायटीचा चेअरमन जयराम घरी आला. "वहिनी, यंदा सव्वीस जानेवारीला झेंडा गोरक्षभाऊच्या हातनं!"

ती नाहीच म्हणणार होती. पण आत गोरक्षने पेटीतून सदरा काढून खाटेवर पसरला होता.

"फटाका नको," ती म्हणाली. "एकसुद्धा."

"एक जरी वाजला तर नाव बदलीन!" जयरामने गळ्याला हात लावला.

शाळेच्या मैदानात गोरक्षने दोरी ओढली. झेंडा उलगडत होता, तेवढ्यात भिंतीमागे पहिला धडाका झाला. पुढच्या रांगेतल्या दोन मुलींना ओढून, त्यांच्यावर पालथा पडून गोरक्षने त्यांना अंगाखाली झाकून घेतलं. दुसरा धडाका. तिसरा. गावकरी हसले. "सकाळीच टाकलीय वाटतं," कुणीतरी म्हणालं. भिंतीमागच्याला एकवीस मोजायला सांगितलं होतं. तो इमानेइतबारे मोजत राहिला. सिंधुबाईने गोरक्षचे कान तळव्यांनी दाबून धरले. त्याच्या अंगाखाली मुली रडत होत्या.

सातव्याला कुणीतरी धावत जाऊन थांबवलं. जयरामचा चेहरा दुखावलेला होता.

"फटाका कुठं वाजवला, वहिनी? ही सलामी हाय. तोफ भेटत नाय म्हणून नळ्या आणल्या, माझ्याच बागेतल्या. लय मान दिला आपण!"

"तुमचा मान तुमच्या पाखरांना द्या," सिंधुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात 'वीर जवानाचा हृद्य सत्कार' छापून आला. गोरक्ष पुन्हा डेअरीवर गेला नाही. बागही सिंधुबाईच बघू लागली. तो मधल्या खोलीत बसे, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. गावात त्यावर मत ठरलेलं होतं: लष्करात फुकटचं खाऊन माणूस आळशी होतो.

तीन वर्षांनी, एप्रिलातल्या भर दुपारी, जयराम चौघांना घेऊन पुन्हा आला. वेशीवर कमान बांधायची होती आणि तिच्यावर लावायला गोरक्षचा वर्दीतला फोटो हवा होता.

"कमानीखालून कोण जाणार?" सिंधुबाई उंबऱ्यातच उभी राहिली. "मंत्री का? ह्यांना तर तुम्ही घराबाहेर पडण्यालायक ठेवलं नाय."

"वहिनी, जुनं उगाळू नका. गावाची इज्जत हाय."

"मग गावाचा फोटो लावा."

गोरक्षला सकाळपासून कणकण होती. त्याच रात्री ताप डोक्यात गेला आणि पुढचे चार दिवस, जीव जाईपर्यंत, तो त्या पुढे चालणाऱ्या दोघांनाच हाका मारत होता. बायकोशी तो शेवटचं साधं बोलला ते त्या दुपारीच, खाटेवरून मान उचलून, अंगणातल्या उन्हात चपला काढून ओट्यावर उभ्या असलेल्या पाचजणांकडे बघत:

"अगं, चपला सावलीत सरकवा म्हणावं त्यांना. घालताना पाय पोळतील."