मासेवाल्या काकींची जाळी

आमच्या शेजारी सकाळी चहाचं आधण नंतर, माशांची जाळी आधी स्टोव्हवर चढायची. लग्न होऊन मी चाकणजवळच्या खेड्यातून पिंपरीच्या वसाहतीत आले. पहिल्याच सकाळी साखर मागायला शेजारी गेले, तर पातेल्यात तारेच्या कड्याला शिवलेलं मच्छरदाणीचं कापड खदखदत होतं. "काय शिजतंय?" मी विचारलं. "जाळी," काकी म्हणाल्या. मी इतकी गोंधळले की साखर न घेताच परत आले.

सगळी वसाहत त्यांना मासेवाल्या काकी म्हणायची. त्या मालवणकडच्या. त्यांचे यजमान औषधाच्या नव्या कारखान्यात बाटल्या वाफेवर निर्जंतुक करायच्या खात्यात होते. घरी काचेच्या टाकीत मुंबईहून आणलेले चार सोनेरी मासे होते. त्याआधीचे सगळे मासे कुणाच्या तरी उसन्या जाळीतून आलेल्या रोगाने मेले होते. तेव्हापासून काकींनी यजमानांच्या खात्याची शिस्त घरात आणली.

जाळी उकळायची आणि कडक उन्हात वाळवायची. पाणी बदलायची रबरी नळी उकळत्या पाण्यात खराब होते, म्हणून ती मिठाच्या दाट पाण्यात बुडवून ठेवायची. पाणी बदलताना मासे ठेवायच्या काचेच्या बरणीला गरम पाणी नाही, तडकेल. ती मिठाने घासून दहा पाण्यांनी धुवायची. साबणाला तर बंदीच. "साबण म्हणजे इख गो त्येंका," त्या म्हणत. इख म्हणजे विष. आमच्या गावात विहिरीचं पाणी माणसंसुद्धा तसंच प्यायची. मला हे सोवळं कळेना.

त्याहून कळेना ते असं, की ह्याच काकी दुपारी बांगड्याचं तिखलं चवीने खायच्या, तेही टाकीसमोर बसून. मी एकदा धीर करून विचारलंच. "खावचे ते येगळे, बघूचे ते येगळे," त्या म्हणाल्या, आणि काटा काढून बाजूला ठेवला. ह्यात न समजण्यासारखं काय आहे, हेच त्यांना समजत नव्हतं.

पुढे आमच्या ह्यांनी पवना नदीतून दोन मासे धरून आणले. मी ते बरणीत ठेवले. आठवड्यात एकाच्या अंगावर कापसासारखं पांढरं काही धरलं. त्याला वेगळं काढायला मी काकींची जाळी मागून आणली. "उकळून दी हां," एवढंच त्या म्हणाल्या. नेमकं त्या दिवशी घरात रॉकेल नव्हतं. मी जाळी नळाखाली खळखळून धुतली आणि त्यांच्या दारात गेले.

"उकळलंस मा गो?"

"हो," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

काकींनी जाळी हातात घेतली, क्षणभर बोटांत चाचपली. टाकीत एक कुजलेलं पान तरंगत होतं. ते त्यांनी त्याच जाळीने काढलं.

दहा दिवसांत चारही मासे गेले. काकींनी कुणाला बोल लावला नाही. "पाणी बदलूक उशीर झालो माझ्याकडसून," असं सगळ्यांना सांगत राहिल्या. मी मान हलवायचे आणि घरी येऊन ताट तसंच बाजूला सारायचे. माझा पवनेतला तो आजारी मासा मात्र बरा झाला. हे कसं, तेही मला कळलं नाही.

वर्षभराने काकांना मुंबईला नोकरी लागली. चिंचवड स्टेशनला जायला टांगा दारात उभा होता. सामान चढत असताना मी काकींना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "काकी, त्या दिवशी जाळी मी उकळली नव्हती."

"म्हायत होतां माका. गार होती, वायच बुळबुळीत."

"मग टाकीत का घातलीत? परत उकळायची होती!"

काकींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "तू दारात उभी होतंस. नवी सून. पान समोर तरंगताना तुझ्या तोंडार जाळी न वापरता बाजूक ठेवूची म्हणजे तुका खोटी म्हणण्यासारखांच. तां माका जमाक नाय."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि टांग्यात चढल्या. टांगा निघाला तरी मी रस्त्यावर तशीच उभी होते. काकींनी मला माफ केलं होतं, की चार माशांचं ओझं माझ्या पदरात टाकून त्या गेल्या होत्या? ह्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "काकीच त्या, जाऊ दे." मला काही ते जाऊ देता आलं नाही.