चप्पल घालून हात लावा

गेवराईतल्या त्या खोलीत लोखंडी कूलरशेजारी रबरी चपलांचा एक जोड कायम असायचा. खोली दाखवतानाच घरमालक म्हणाले होते, "कूलरला हात लावायचा तर ह्या घालून लावा, बाई. जरासं झिणझिणतं." नळ जरा गळतो म्हणून सांगावं तसं. आणि मी, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, नंदीबैलासारखी मान हलवून मोकळी झाले. मला अजून चीड येते ती त्या मानेची.

मान हलवायला कारण होतं. आधी तीन घरांत खोली पसंत पडली होती, आणि आडनाव सांगितल्याबरोबर ती त्यांच्या पाहुण्यांना लागणार होती. या मालकांनी आडनाव ऐकलं आणि किल्ली दिली. बॉण्डवर मात्र अटी घातल्या: भिंतीला खिळा ठोकायचा नाही, अंगणात वाळवण घालायचं नाही, रात्री नऊनंतर कुणी यायचं नाही. सगळ्या अटी मला. मालकाने काय करायचं, त्याची एक ओळ नव्हती.

तेव्हा माझी लेक मांडीवर होती. नवरा नोकरीला पुण्यात, घरात आम्ही दोघीच. चैत्रात ती धरून उभी राहायला लागली, आणि धरायला तिला सगळ्यात खुणावायचा तो गारेगार कूलर. तिचा हात पहिल्यांदा त्याच्याकडे गेला त्या दिवशीच मी तो बंद केला. पत्र्याखाली पोर घामोळ्यांनी लाल झाली.

मग ओळखीचा वायरमन आणला. त्याने अर्थिंगची हिरवी तार धरत धरत मोरी गाठली आणि हसायलाच लागला. ती तार पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली होती. तो पाइप जमिनीत खोल गेलेला, म्हणून चालून जायचं. पुढे मालकांनी पाइप बदलून प्लास्टिकचा टाकला, आणि तार तितक्याच निगुतीने प्लास्टिकला गुंडाळली.

"हे अर्थिंग न्हाई, बाई," तो म्हणाला. "राखी बांधलीय पाइपाला."

मी मालकांना बोलावलं. ते आले, कूलरजवळ उभे राहून तावातावाने बोलू लागले. "तार बांधलेली हाय की! आमी इतकी वर्सं राहतो, कुनाला काय झालं? तुमाला गावात खोली कोन देत होतं? आमी दिली. पटत नसंल तर खाली करा."

ते शेवटचं मला बरोबर लागलं. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली. मीटर बघायला आले तरी उंबऱ्याबाहेर चपला काढणारा हा माणूस आज चपलांसकट आत उभा होता.

"काका, चपला काढा," मी म्हणाले.

"आँ?"

"घरात आहात. काढा, आणि कूलरला हात लावा. मी चालू करते. काही झालं नाही तर उद्या खोली खाली करते."

मी बटण दाबलं. पंखा घरघरला. बोट मी बटणावरच ठेवलं होतं, त्यांचा जीव मला नको होता. दारात मालकीणबाई येऊन उभ्या होत्या. "काढा की," त्या म्हणाल्या. "कावून थांबले?"

मालकांनी चपला काढल्या नाहीत. ते वळून चालू लागले.

"माझी पोरगी चपला घालत नाही, काका," मी त्यांच्या पाठीला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी अंगणात खड्डा खणला गेला. त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ. कूलरची उघडी पडलेली वायरही बदलली. मालक कमरेवर हात ठेवून वायरमनला शिकवत होते, जसं काही हे त्यांच्या कधीपासून मनात होतं. माझं काही म्हणणं नव्हतं. पण बॉण्ड नव्याने करायला लावला आणि त्यावर मी एक अट घातली: वायरिंग आणि अर्थिंग दरवर्षी मालकाने तपासून घ्यायचं. माझ्याकडे न बघता त्यांनी सही केली.

काम झाल्यावर आधी मी अनवाणी हात लावला. मग चालू कूलरसमोर लेकीला खाली सोडलं. ती रांगत गेली, धरून उभी राहिली आणि दोन्ही पंजांनी त्या पत्र्यावर थापट्या मारायला लागली. मी जागची उठले नाही.