मासे येण्याआधीचा महिना

बायको गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी काचेची दोन फुटी टाकी आणली. रिक्षात मांडीवर धरून आणली आणि जिना चढताना शेजाऱ्यांनी विचारू नये म्हणून वर चादर टाकली. फौजेत चोवीस वर्षं काढलेला सुभेदार मासे पाळतोय, हे मला स्वतःलाच चमत्कारिक वाटत होतं. पण साताऱ्यातल्या त्या फ्लॅटमध्ये मला संध्याकाळ काढवत नव्हती. मुलगा पुण्यात, त्याचा फोन रविवारी. बाकीचे सहा दिवस कुकरची शिट्टी सोडली तर घरात आवाज नसायचा.

पलटणीतल्या एका मित्रानं पुण्यात कंपनीच्या गेटवर गार्डची नोकरी बघून ठेवली होती. राहायला खोली, मेसचं जेवण. "गड्या, भिंतीसंगं बोलून येडा हुशील तिथं," तो म्हणायचा. मी त्याच्याकडून दोन महिने मागून घेतले. या घरात काहीतरी जिवंत टिकलं तर राहायचं, नाहीतर फ्लॅट बंद करून परक्या गाड्यांना सलाम ठोकायला जायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. सलामाचा विचार केला की डोकं तापायचं. तरीही संध्याकाळ झाली की तोच विचार बरा वाटायचा.

माशांचं दुकान एक बाई चालवायच्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तळाला माती, वर वाळू, त्यात रोपं. मग महिनाभर नुसतं पाणी आणि दिवा, कारण माशांची घाण पचवणारे जंतू आधी पाण्यात तयार व्हावे लागतात. इथवर मी ऐकत होतो. मग त्यांनी मातीचं पाकीट पुढं ठेवलं आणि माझं बिनसलं. पलूसजवळ आमचं बागायती रान. काळीभोर जमीन, वाफसा आला की हातात लोण्यासारखी येणारी. आणि मी माती विकत घ्यायची?

"आमच्यात माती इकत घेत न्हाईत," मी म्हणालो.

"मग बिनखताची बघून आना, काका," त्या म्हणाल्या. मी तोवर पायऱ्या उतरलो होतो. ऐकू आलं होतं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

शेती धाकटा भाऊ बघतो. त्याला सांगितलं, कुंड्यांना माती हवीय. मासे म्हटलं असतं तर चावडीपर्यंत हसू गेलं असतं. त्यानं प्रेमानं उसाच्या सरीतली सगळ्यात चांगली माती भरून दिली, तीही खताच्या रिकाम्या पिशवीत. ती पिशवी मांडीवर ठेवून मी एसटीनं साताऱ्यापर्यंत आलो. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

रोपं मी चिमट्यानं लावली, तीही ओळीत, सारखं अंतर ठेवून. महिनाभर कोण थांबतो? पाचव्या दिवशी दुसऱ्याच दुकानातून आठ गप्पी मासे आणले, कारण त्या बाईंनी दिले नसते. ती एक संध्याकाळ चांगली गेली. खुर्ची टाकीसमोर ओढून मी तिथंच जेवलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाच मासे वर तरंगत होते. उरलेले तीन पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते, तेही दुपारपर्यंत गेले. बाटलीत पाणी भरून मी मुकाट्यानं बाईंकडं गेलो. त्यांनी त्यात विष तपासायच्या औषधाचे थेंब टाकले, तर पाणी गडद हिरवं झालं. पिवळं राहायला हवं होतं. "माती कुठली?" एवढंच त्यांनी विचारलं.

घरी येऊन भावाला फोन लावला आणि त्याच्यावरच ओरडलो. "काय घातलंयस रं रानात? समदं मेलं की!"

"खत! युरिया न्हाई टाकला तर ऊस काय हवंवर येनार हाय व्हय?" तो म्हणाला. "आवं दादा, कुंडीत कशी काय मेली झाडं?"

"झाडं न्हाई. मासे मेले."

मग सगळं सांगावं लागलं. सांगता सांगता तोंडातून निघून गेलं, "लय एकटं वाटतंय रं." आमच्यात असं कुणी बोलत नाही. तो म्हणाला, "आदीच बोलला असतासा तर बांधावरची दिली असती. बाभळीखालची. तिथं कवा खत पडत न्हाई."

चार दिवसांनी ती माती एसटीतून आली. मी टाकी रिकामी केली, धुतली, पुन्हा भरली. यावेळी बाईंनी सांगितलं तसं सगळं केलं. नळाचं पाणी, त्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून, दिवसभर बादलीत ठेवून मगच टाकीत घालायचो.

आणि मग तो महिना. आत कुणी नसलेल्या टाकीचा दिवा सकाळी लावायचा, संध्याकाळी घालवायचा. पिवळी पानं काढायची. काच पुसायची. कुणासाठी, तर अजून न आलेल्या माशांसाठी. दुसऱ्या आठवड्यात काच पुसताना हात थांबला. मी वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचो. उरलेले दहा महिने बायको हेच करत होती. घर झाडून, पुसून, कुणी येणार म्हणून तयार ठेवायची. मी आल्यावर एकदा विचारलं होतं, दिवसभर करतेस काय? ती हसली होती. आता उत्तर कळलं, तर सांगायला ती नाही. मला स्वतःची लाज वाटली.

महिन्यानं थेंब टाकले, पाणी पिवळंच राहिलं. बाईंनी आधी चारच गप्पी दिले. आठवडा गेला, चारही जगले. रोपांना नवी पाती फुटली, माझ्या ओळी मोडून हवी तिकडं. मग आणखी चार आणले. मित्राला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. तो शिव्या देऊन हसला.

परवा मंडईतून आलो. दार उघडलं, पिशवी खाली ठेवली आणि तोंडातून आपसूक निघालं, "आलो गं." आठही मासे काचेपाशी आले. त्यांना खायला हवं होतं. मी चपला न काढता तिथंच बसलो आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडलो.